लिफ्ट केलेल्या गाडीचे पुढचे बॉल जॉइंट झिजलेत का, हे कसं तपासायचं

लिफ्ट केलेली, म्हणजे किट बसवून उंची वाढवलेली, थार किंवा व्ही-क्रॉस पुढून टकटक करायला लागली की गॅरेजमधला पहिला निकाल ठरलेला असतो: बॉल जॉइंट (चाक धरणारा, सगळीकडे वळणारा सांधा) गेला. कधी तो बरोबर निघतो. बऱ्याचदा मात्र नवे जॉइंट बसतात, पैसे जातात आणि टकटक जिथल्या तिथे राहते. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त घातक. गाडी चेसिसला जॅक लावून उचलली, लटकतं चाक हलवून बघितलं, घट्ट लागलं, म्हणून गाडी सोडून दिली. खालचा जॉइंट मात्र ढिलाच होता. मूळ उंचीच्या गाडीत ही चूक कधीमधी होते. लिफ्ट केलेल्या गाडीत ती हटकून होते. का, ते पुढे येईलच.

आधी खाली काय बसवलंय ते बघा

सगळ्या उंच गाड्यांना एकच पद्धत लागू होत नाही. २०२० नंतरची थार, थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, इसुझू व्ही-क्रॉस, हायलक्स, फॉर्च्युनर या गाड्यांना पुढे डबल विशबोन आहे: वर एक आर्म (दांडा), खाली एक आर्म, मध्ये नकल (ज्यावर चाकाचा हब बसतो तो भाग), आणि दोन्ही आर्मच्या बाहेरच्या टोकाला एकेक बॉल जॉइंट. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर खालच्या आर्मवर उभे असतात, त्यामुळे गाडीचं वजन खालच्या जॉइंटमधून चाकावर जातं. वरचा जॉइंट चाक सरळ धरून ठेवतो. म्हणजे वजन पेलणारा खालचा आणि सांभाळणारा वरचा, हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढची सगळी तपासणी यावर उभी आहे.

जीप रँग्लरला पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस) आहे आणि त्याच्या टोकाला वर-खाली बॉल जॉइंट आहेत. जिम्नी आणि जुनी जिप्सी यांच्या नकलला बॉल जॉइंटच नाहीत, तिथे किंगपिनची (नकल ज्या उभ्या खुंट्यांवर वळतो त्यांची) बेअरिंग असतात. जिम्नीच्या मालकाला कोणी ‘लोअर बॉल जॉइंट बदलावा लागेल’ म्हणालं, तर गाडी तिथून काढलेली बरी.

लिफ्ट केल्यावर जॉइंटचं काय होतं

बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला गोळा आणि त्यातून बाहेर आलेला स्टड. स्टड सगळीकडे वळतो, पण मर्यादेत. कंपनीच्या उंचीला तो साधारण मधोमध असतो, वर-खाली दोन्हीकडे त्याला जागा असते. लिफ्ट केली की दोन्ही आर्म बाहेरच्या बाजूला खाली झुकतात आणि स्टड उभ्या गाडीतच एका अंगाला कलून बसतो. वरच्या जॉइंटला हे जास्त बाधतं, कारण वरचा आर्म आखूड असतो आणि चाक तेवढंच खाली गेलं तरी त्याचा कोन जास्त बदलतो.

इथे लिफ्टचा प्रकार महत्त्वाचा आहे. शॉकच्या डोक्यावर बसणारा स्पेसर सगळ्यात स्वस्त. शॉक आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसत असल्यामुळे २५ मिमीचा स्पेसर चाकापाशी साधारण ४५ ते ५० मिमी उंची देतो. पण स्पेसर अख्खा शॉकच खाली ढकलतो. परिणामी चाक हवेत लटकलं की ते मूळपेक्षा तेवढंच जास्त खाली जातं, आणि शॉक पूर्ण ताणला जाण्याच्या आधीच वरच्या जॉइंटचा स्टड वाटीच्या काठाला टेकतो, किंवा वरचा आर्म स्प्रिंगला लागतो. आता स्प्रिंग खालचा आर्म दाबते आहे आणि त्याला थांबवणारा शॉक नसून वरचा बॉल जॉइंट आहे. म्हणजे दोन्ही जॉइंट स्प्रिंगच्या जोराने ताणून धरलेले. अशा चाकाला हात लावून हलवलं तर ते दगडासारखं घट्ट लागणार, आतला जॉइंट कितीही झिजलेला असो. लटकत्या चाकाची तपासणी फसते ती इथे.

जास्त लांब स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा शॉक असेल तर त्रास कमी, पण जास्त लांबीचा शॉक घेतला असेल तर वरचा आर्मही बदललेला हवा. नसेल, तर झीज वेळेआधी येणारच.

त्यात टायरची भर. थारच्या मूळ २५५/६५ आर १८ टायरचा व्यास सुमारे ७८९ मिमी आहे. ३३ इंची टायर ८३८ मिमीचा, आणि वजनाला बराच जड. सोबत बाहेर येणारे, कमी ऑफसेटचे रिम घातले की चाकाचा मध्य जॉइंटपासून लांब जातो आणि प्रत्येक खड्ड्याचा झटका लांब दांड्याने जॉइंटवर बसतो. सलग ॲक्सलच्या रँग्लरमध्ये लिफ्टमुळे जॉइंटचा कोन फारसा बदलत नाही, तिथे जॉइंट खातात ते हे टायर आणि रिमच.

काय काय हाताशी हवं

३ टनी ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, चाकाला लावायचे लाकडी गुटके, साधारण ३ फुटी पहार किंवा लीव्हर, चांगली टॉर्च, वायर ब्रश, चिंध्या आणि एक माणूस जोडीला. मॅग्नेटच्या बैठकीची डायल गेज (बारीक हालचाल काट्याने मोजणारं साधन) मिळाली तर निकाल आकड्यात मिळतो. नसेल तर मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ आश्चर्य वाटावं इतकं काम करतो.

गाडी सपाट काँक्रीटवर हवी. मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, हँडब्रेक, गिअर. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, ‘दोन मिनिटांचं काम’ असलं तरी.

चाकं जमिनीवर असतानाच

पहिलं काम मोजमाप. हबच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या काठापर्यंतचं उभं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजून लिहून ठेवा. पुढे हाच आकडा लागणार आहे.

मग आवाजाची ओळख. हळू वेगात स्पीड ब्रेकरवरून उतरताना एकच बोजड ‘टक’, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर, हायवेला गाडी लेनमध्ये तरंगल्यासारखी वाटणं, ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढणं: बॉल जॉइंटची ही नेहमीची लक्षणं. पण यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशामुळेही येतं. लहान-लहान खडबडीवर सतत खडखड होत असेल तर संशय आधी स्टॅबिलायझर लिंकवर (गाडीचं कलणं रोखणाऱ्या बारला जोडणाऱ्या छोट्या दांडीवर) घ्या. टायर एका कडेने खातोय, हाही पुरावा नाही; लिफ्टनंतर अलाइनमेंट केली नसेल तर नव्या जॉइंटवरही टायर खाणारच.

लिफ्ट किट बसवताना राहून गेलेल्या गोष्टी आधी उरकून घ्या. स्पेसरचे नट, शॉकचा खालचा बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलच्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) तपासा. आर्मच्या आतल्या बुशचे (आर्म चेसिसला जोडतो तिथल्या रबरी खोळीचे) बोल्ट गाडी हवेत असताना आवळले असतील तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं, करकरतं आणि लवकर फाटतं. ते बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळायचे असतात. लिफ्टनंतर चार-सहा महिन्यांत येणाऱ्या ‘बॉल जॉइंट’च्या तक्रारींत याचा वाटा मोठा आहे.

आता इंजिन चालू करून जोडीदाराला स्टिअरिंग डावी-उजवी थोडं थोडं हलवायला सांगा. तुम्ही एकेका जॉइंटच्या बाहेरच्या अंगावर बोटं टेकवा: टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचं चाकाकडचं टोक), खालचा जॉइंट, वरचा जॉइंट. झिजलेल्या जॉइंटमधली कटकट बोटाला स्पष्ट कळते, कानाला ती कुठूनही आल्यासारखी वाटते. बाही, दोरी, लांब केस फॅन-बेल्टपासून दूर.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची सोय. तिकडच्या काही पिकअपच्या जॉइंटला झीज दाखवणारी खूण असते: ग्रीस निपलभोवतीचा (ग्रीस भरायच्या तोंडाभोवतीचा) उंचवटा नव्या जॉइंटवर सुमारे १.२५ मिमी बाहेर असतो आणि झिजत गेला की आत जाऊन सपाट होतो. ही खूण चाकांवर वजन असतानाच बघायची.

रबर बूट बघताना घाई नको

वायर ब्रशने चिखल काढा, चिंधीने पुसा. रबर बूटला बारीक चीर आहे का हे तो ताणल्याशिवाय दिसत नाही, म्हणून स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवून बघा, मग दुसऱ्या टोकाला. बुटाच्या घड्यांत चीर लपते. बाहेर ओघळलेलं ग्रीस काळं पण मऊ असेल तर फाटून फार दिवस झाले नाहीत. ग्रीस तांबूस, दाणेदार लागत असेल, बोटांत चोळल्यावर किरकिर वाटत असेल, तर पाणी आणि गंज आत पोचलेत. असा जॉइंट आज घट्ट असला तरी त्याचे दिवस भरलेत. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत आणि खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या गाड्यांत हे पावसाळ्यानंतर हमखास सापडतं.

वरच्या जॉइंटवर आणखी एक गोष्ट शोधा. स्टडच्या मानेवर, वाटीच्या काठाजवळ, चंद्रकोरीच्या आकाराचा चकचकीत ओरखडा दिसतो का? सगळीकडे मळ आणि गंज, आणि एवढीच जागा लखलखीत. याचा अर्थ चाक खाली लटकलं की स्टड काठाला आपटतोय. जॉइंट अजून ढिला नसेल, तरी हा कोन सुधारल्याशिवाय नवा जॉइंटही टिकणार नाही.

मुख्य तपासणी

डबल विशबोनवाल्या गाडीत जॅक लागतो खालच्या आर्मला, बॉल जॉइंटच्या जितका जवळ जमेल तितका. असं केलं की गाडीचं वजन आर्ममधून सरळ जॅकवर जातं, स्प्रिंग दाबलेलीच राहते आणि चाकाचं वजन तेवढं जॉइंटवर लटकतं. आता जॉइंटमध्ये जागा असेल तर ती उघडी पडते.

एक धोका आहे. लिफ्ट केलेल्या गाडीचा आर्म उताराला असतो, त्यामुळे जॅकचं डोकं घसरू शकतं. म्हणून आधी क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या पट्टीला) जॅक लावून गाडी उचला, चेसिसखाली स्टँड लावा, मग जॅक काढून आर्मखाली न्या, रबर पॅड मध्ये घाला आणि गाडी स्टँडवरून बोटभर वर येईल एवढीच उचला. जॅक सुटलाच तर गाडी स्टँडवर बसेल.

टायर जमिनीपासून ३ ते ५ सेमी सुटला की पुरे. आता फेंडरचं अंतर पुन्हा मोजा. लिहून ठेवलेल्या आकड्याच्या २-३ सेमी आसपास असायला हवं. फार वाढलं असेल तर चाक लटकतंय, जॅक चुकीच्या जागी आहे आणि पुढचं सगळं मोजमाप फुकट.

वर-खाली ढिल: पहार टायरच्या मधोमध खाली घालून जोडीदाराने हलकेच वर उचलायचं आणि सोडायचं. जोर लावायचा नाही. चाकाचं वजन पेललं जाईल एवढंच. तुमची नजर टायरवर नको. मोठ्या टायरच्या भिंती दबतात, हवा कमी असेल तर जास्तच, आणि ते हलणं जॉइंटचं वाटतं. बघायचं आहे ते नकल आणि खालचा आर्म यांच्यामधलं अंतर. डायल गेजची मॅग्नेट बैठक खालच्या आर्मवर, टोक नकलवर स्टडच्या शेजारी उभं टेकवलेलं, काटा शून्यावर. पहार उचलल्यावर काटा जितका सरकेल तितकी ढिल. तीनदा करा, तिन्ही वेळा जवळपास तोच आकडा यायला हवा. गेज नसेल तर मोबाइल जॉइंटसमोर स्थिर ठेवून स्लो मोशनमध्ये टिपा. जोडीत बोट घालून बघायचा मोह टाळा.

किती ढिल चालते? तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आकडा असतो आणि तोच शेवटचा शब्द. काही जॉइंटना डोळ्याला दिसणारी ढिल अजिबात चालत नाही, काहींना थोडी मूळचीच असते. ‘सगळ्या गाड्यांना १ मिमी चालतं’ वगैरे तोंडी नियमांवर विसंबू नका. डाव्या-उजव्याची तुलना मात्र नेहमी करा. एका बाजूचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर तो बोलतोय.

आत-बाहेर ढिल: हात टायरच्या माथ्यावर आणि तळाशी, घड्याळातल्या १२ आणि ६ वर. वर ढकला, खाली ओढा, मग उलट. काही हललं तर जोडीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हलणं गायब झालं तर दोष व्हील बेअरिंगचा. तसंच राहिलं तर आता टॉर्च घेऊन नेमकं काय हलतंय ते शोधा. नकल हलतोय पण वरचा आर्म स्थिर आहे, तर वरचा बॉल जॉइंट. नकल आणि आर्म एकत्र आत-बाहेर जाताहेत, तर आर्मचे आतले बुश. या एका फरकाने अनेकांचे हजारो रुपये वाचलेत. ३ आणि ९ वर हात ठेवून मिळणारी ढिल बहुधा टाय रॉड एंडची किंवा स्टिअरिंग रॅकची असते.

एक जागा सहसा कोणी बघत नाही: स्टडचा निमुळता भाग नकलच्या भोकात घट्ट बसलाय का. कॅसल नट (खाचा असलेला नट) सैल असेल किंवा त्याला अडवणारी स्प्लिट पिन नसेल तर गोळा-वाटी ठणठणीत असूनही स्टड भोकात हलतो आणि भोक हळूहळू अंडाकृती करतो. नटाच्या कडेने तांबूस भुकटी दिसली की हाच संशय. असं भोक झालं असेल तर नुसता जॉइंट बदलून भागत नाही, नकलही जातो.

रँग्लरला जॅक ॲक्सलच्या नळीखाली, बाकी क्रिया तीच. तिथे पहारेने उचलताना खालचा जॉइंट बोलतो, १२-६ वर हलवताना वरचा. हायवेला स्टिअरिंग जोरात थरथरत असेल तर बॉल जॉइंटकडे जाण्याआधी ट्रॅक बारचे (ॲक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बोल्ट आणि बुश बघा. बहुतेक वेळा मूळ तिथेच असतं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (वरचा आर्म नसलेली, शॉक आणि स्प्रिंग थेट नकलवर बसवलेली रचना) असलेल्या गाडीत उलट नियम आहे: जॅक चेसिसला आणि चाक लटकतं, कारण तिथे वजन खालच्या जॉइंटवर नसतं.

शंका उरलीच तर शेवटची चाचणी

आकडा काठावर असेल तर स्टड नकलमधून सोडवून हाताने चाळवा. चांगला जॉइंट सगळ्या दिशांना सारखा, तेलकट जडपणाने फिरतो. कुठे अडकतो, कुठे एकदम सैल पडतो, किंवा स्वतःच्या वजनाने लुळा पडतो, तर तो गेलाय. टोयोटाच्या मॅन्युअलमधली रीत याहून काटेकोर आहे: स्टड ५ वेळा इकडून तिकडे हलवायचा, मग नट लावून टॉर्क पान्ह्याने सलग फिरवायचा आणि पाचव्या फेरीला आकडा वाचायचा.

स्टड सोडवायला पुलर (स्क्रू फिरवून स्टड दाबून काढणारं साधन) वापरा. दोन दातांची पाचर हातोडीने ठोकली की रबर बूट फाटतोच. जॉइंट फेकायचाच असेल तेव्हाच ती.

निकाल काय लावायचा

खालच्या जॉइंटमध्ये मर्यादेबाहेर ढिल सापडली तर गाडी त्याच दिवशी थांबवा, टोइंगचे पैसे जातील ते जाऊ द्या. काही गाड्यांत हा जॉइंट ओढला जाईल अशा पद्धतीने बसवलेला असतो. गोळा वाटीतून निसटला की चाक आडवं पडतं. टोयोटाने २००५ मध्ये अमेरिकेत टकोमा, टंड्रा आणि सिकोयाच्या काही गाड्या पुढच्या बॉल जॉइंटच्या झिजेसाठी परत बोलावल्या होत्या. वरच्या जॉइंटला थोडी ढिल असेल तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं, घाट मात्र नको. बूट फाटलाय पण ढिल नाही आणि ग्रीस स्वच्छ आहे, तर नुसता बूट मिळत असेल तर बदलून, नवं ग्रीस भरून चालतं.

ग्रीस निपल असेल तर लिथियम ईपी-२ ग्रीस हाताच्या गनने भरा, बूट किंचित फुगला की थांबा. जोर लावून भरत राहिलात तर बूट फुटेल आणि जॉइंट मरायला लागेल.

जॉइंट बदलताना प्रेस करून बसवायचे असतील तर योग्य मापाचा प्रेस हवा, हातोडी नको. कॅसल नट ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर भोक जुळत नसेल तर थोडा पुढे आवळा, मागे सोडू नका. स्प्लिट पिन आणि नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट नवेच. वरच्या जॉइंटवर तो चंद्रकोरी ओरखडा सापडला असेल तर कोन सुधारलेला वरचा आर्मही याच वेळी बसवा. आणि उंची आणखी वाढवायच्या विचारात असाल तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांविषयीचं कलम ५२ आधी वाचून घ्या. विम्याच्या दाव्यात ते अचानक समोर येतं.

बसवून झाल्यावर चाक एकदा पूर्ण लटकवून बघा, स्टड कुठे टेकत नाही ना. मग गाडी चाकांवर घेऊन बुशचे बोल्ट आवळा, अलाइनमेंट करा आणि कॅस्टर-कॅम्बरचे (स्टिअरिंगच्या आणि चाकाच्या कलाच्या कोनांचे) आकडे छापून घ्या. ५०० किमीनंतर सगळे नट पुन्हा टॉर्कला तपासा आणि डायल गेजचं नवं माप त्याच कागदावर लिहून ठेवा, पुढच्या पावसाळ्यानंतर तुलना करायला ते लागेल.